यंत्राकरवीं दिलेली संमति

दिलेला शब्द पाळावा कीं न पाळावा, हा नीतिशास्त्रांतील प्रश्न फार जुना आहे, आणि त्यावर नवें कांहीं सांगण्यासारखें राहिलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु शब्द दिला असें केव्हां म्हणावयाचें, हा त्याच्या अगोदरचा प्रश्न आहे. व तो आजकाल अशा एका ठिकाणीं उभा राहिला आहे कीं, जेथें नीतिशास्त्राचे अभ्यासक सहसा फिरकत नाहींत. तें ठिकाण म्हणजे महाविद्यालयांतील प्रयोगशाळा, कारखान्यांतील आराखडे काढण्याची खोली किंवा एखादें लहानसें कार्यालय. आणि तेथें चाललेलें काम म्हणजे परवान्यावर मिळणारें तांत्रिक सॉफ्टवेअर निरनिराळ्या संगणकांवर बसविणें. हें काम करणारास आपण कांहीं नैतिक कृत्य करीत आहों अशी शंकाहि येत नाहीं. ती यावी, असें आमचें म्हणणें आहे.

ज्यांनीं हें काम केलेलें नाहीं त्यांच्यासाठीं त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मॅटलॅबसारखें गणिती सॉफ्टवेअर किंवा ऑटोकॅडसारखें आराखड्यांचें सॉफ्टवेअर घेणें हें पुस्तक विकत घेण्याइतकें सोपें नाहीं. संगणकावर आधींच एक ऑपरेटिंग सिस्टिम नांदत असते, आणि नव्या पाहुण्यास घरांत घ्यावयाचें तें त्या घराच्या रीतीनें घ्यावें लागतें. विंडोजमध्यें नव्या वस्तूची नोंद रजिस्ट्री नांवाच्या एका मोठ्या दप्तरांत व्हावी लागते, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारावांचून बहुधा तें काम होत नाहीं. मॅक-ओएसमध्यें पुष्कळदां एक चिन्ह उचलून ‘अ‍ॅप्लिकेशन्स’च्या कप्प्यांत टाकलें कीं झालें, परंतु २०१२ पासून तेथें गेटकीपर नांवाचा द्वारपाल बसला आहे, व अनोळखी कर्त्याचा प्रोग्रॅम तो सहजासहजीं आंत सोडीत नाहीं. लिनक्सवर रूटच्या अधिकारानें ठराविक जागीं फाइली ठेवाव्या लागतात. फाइलीचा पत्ता लिहितांना विंडोजमधील तिरपी रेघ एका बाजूस झुकते, इतर दोघांची दुसऱ्या बाजूस; लिनक्स लहान व मोठ्या रोमन अक्षरांत भेद मानतो, विंडोज सहसा मानीत नाहीं; ओळ संपल्याची खूण विंडोज दोन चिन्हांनीं करतो, इतर दोघे एकानें. एवढ्याशा भेदापायीं एखादा जाणता मनुष्य सबंध दिवस डोकें धरून बसलेला आम्हीं पाहिला आहे.

त्यानंतर परवान्याचा भाग येतो. मोठ्या संस्थेंत हा परवाना बहुधा एका मध्यवर्ती संगणकावर ठेवलेला असतो. फ्लेक्सनेट नांवाची जी व्यवस्था या कामीं अनेक कंपन्या वापरतात, तींत परवाना म्हणजे मजकुराची एक साधी फाईल असते. पहिल्या ओळींत त्या संगणकाचें नांव व त्याच्या नेटवर्क कार्डाचा बारा अंकाक्षरांचा पत्ता. पुढच्या ओळींत विकणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅमचें नांव. त्याखालीं सॉफ्टवेअरच्या एकेका भागाचें नांव, तो एका वेळीं किती जणांनीं वापरावा ती संख्या, मुदत संपण्याची तारीख, आणि शेवटीं अंकाक्षरांची एक लांबलचक मोहोर. मजकुरांतील संख्या कोणीं पदरची वाढविली कीं मोहोर जुळत नाहीं, आणि सॉफ्टवेअर उघडावयाचें नाकारतें. संगणकाचें घड्याळ कोणीं मागें फिरविलें असेल तर तेंहि ओळखण्याची सोय अशा व्यवस्थेंत करतां येते.

या सगळ्या खटाटोपांत एकच पायरी अशी आहे कीं, जिचा तंत्राशीं कांहीं संबंध नाहीं. पडद्यावर इंग्रजी कायद्याच्या भाषेंतील एक लांब मजकूर येतो. त्याच्याखालीं एक रिकामा चौकोन असतो, व त्यापुढें ‘मीं हें वाचलें असून मला मान्य आहे’ अशा अर्थाचें वाक्य असतें. त्या चौकोनांत खूण केल्याखेरीज ‘पुढें’ हें बटण जिवंत होत नाहीं. बाकी सर्व पायऱ्यांवर यंत्र आपणांकडे माहिती मागतें: पत्ता कोणता, क्रमांक कोणता, जागा कोणती. या एका पायरीवर तें आपला शब्द मागतें. आणि नेमका याच पायरीवर सर्वांत कमी वेळ खर्च होतो. पीसी पिटस्टॉप नांवाच्या अमेरिकन कंपनीनें २००५ च्या सुमारास आपल्या करारपत्रांत मुद्दाम एक कलम घातलें होतें, कीं हें वाचून जो अमक्या पत्त्यावर लिहील त्यास बक्षीस मिळेल. चार महिने गेले, तीन हजारांहून अधिक प्रती लोकांनीं उतरवून घेतल्या, तेव्हां कोठें एकानें पत्र लिहिलें व हजार डॉलर मिळविले. बाकीच्या सर्वांनीं ‘वाचलें आहे’ असें सांगितलें होतें.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांच्या परिचयाची आहे, आणि तिच्यावर हंसून पुढें जाण्याची रीत पडली आहे. परंतु एका संगणकाऐवजीं दोनशें संगणक असले म्हणजे काय होतें, तें पाहण्यासारखें आहे. दोनशें वेळां चौकोनांत खूण करीत कोणी बसत नाहीं. त्यासाठीं ‘मूक स्थापने’ची सोय असते: सर्व प्रश्नांचीं उत्तरें आधींच एका फाइलींत लिहून ठेवावयाचीं, आणि यंत्रानें तीं वाचून रात्रींतून सर्वत्र सॉफ्टवेअर बसवावयाचें. मॅटलॅबच्या अशा फाइलींत सॉफ्टवेअर कोठें ठेवावें, किल्लीचा क्रमांक काय, या ओळींबरोबरच ‘परवाना मान्य = होय’ अशा अर्थाची एक ओळ असते. मायक्रोसॉफ्टचें एसक्यूएल सर्व्हर विंडोजवर याप्रमाणें बसवावयाचें तर ‘आय अ‍ॅक्सेप्ट एसक्यूएल सर्व्हर लायसन्स टर्म्स’ हें संबंध वाक्य, मध्यें जागा न सोडतां एकाच शब्दासारखें जोडून, आज्ञेच्या शेपटाला लावावें लागतें. तेंच लिनक्सवर कंटेनरच्या रूपानें चालवावयाचें असेल तर ‘अ‍ॅक्सेप्ट युला’ या नांवापुढें ‘वाय’ हें एक अक्षर पुरतें. अ‍ॅपलच्या मॅकवर एक्सकोड हें साधन वापरणारा मनुष्य रूटच्या अधिकारानें एक ओळ टंकतो, आणि त्या ओळीचा शेवटचा शब्द ‘मान्य’ असा असतो. डेबियन व उबुंटु या लिनक्सच्या प्रकारांत मायक्रोसॉफ्टचे टंक बसविणारें पॅकेज करार मान्य आहे काय असें विचारतें. पण तो प्रश्न विचारला जाण्यापूर्वींच त्याचें उत्तर संगणकाच्या कोठारांत भरून ठेवतां येतें, म्हणजे मग तो विचारलाच जात नाहीं.

हा प्रकार आम्हांस विलक्षण वाटतो. घरें तीन, रीति तीन, परंतु तिन्ही ठिकाणीं एकच गोष्ट घडली आहे: संमति ही मनुष्याची कृति होती, ती आतां यंत्राच्या मांडणीचा एक भाग झाली. फाइलींत जसा जागेचा पत्ता असतो तशी संमति असते. कंटेनर म्हणजे कामापुरता उभारलेला व काम होतांच मोडून टाकलेला जणू एक तंबू. तो दिवसांतून शेंकडों वेळां उभारला जातो आणि प्रत्येक वेळीं ‘वाय’ असें म्हणतो. ती आज्ञा मुळांत ज्यानें लिहिली तो कदाचित् नोकरी सोडून गेलेला असतो. मग हीं शेंकडों वचनें दिलीं कोणीं? तंत्रज्ञानें, कीं त्याच्या संस्थेनें, कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं येऊन तें सॉफ्टवेअर उघडणाऱ्या विद्यार्थ्यानें, ज्याला हा मजकूर कधीं दिसलाहि नाहीं?

कायद्याचें उत्तर तयार आहे. अमेरिकेंतील प्रो-सीडी विरुद्ध झायडेनबर्ग या खटल्यांत १९९६ सालीं असा निकाल झाला कीं, पेटीच्या आंत ठेवलेल्या अटी विकत घेतल्यानंतर दिसल्या तरी बंधनकारक आहेत. कारण त्या वाचून नापसंत पडल्यास माल परत करण्याची मुभा होती. उलट २००२ सालीं नेटस्केपविरुद्धच्या स्पेक्ट खटल्यांत, अटी बटणाच्या खालीं, पडदा सरकविल्यावांचून दिसणार नाहींत अशा जागीं होत्या म्हणून त्या बंधनकारक नाहींत असें ठरलें. दोन्ही निकालांचा रोंख एकच आहे. वाचण्याची संधि होती काय, एवढें कायदा विचारतो. वाचलें काय, हें तो विचारीत नाहीं. व्यवहाराच्या दृष्टीनें हें योग्यहि असेल, कारण ‘मीं वाचलें नव्हतें’ ही सबब चालूं लागली तर एकहि करार उभा राहणार नाहीं. परंतु नीतीचा प्रश्न याच्या पलीकडे आहे. शिवाय ज्याच्याविषयीं वचन दिलें ती वस्तु कोणती, याविषयींहि न्यायालयांचें एकमत नाहीं. ऑटोकॅडच्या जुन्या प्रती पुन्हां विकणाऱ्या एका गृहस्थाच्या खटल्यांत अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयानें २०१० सालीं सांगितलें कीं, ग्राहकास प्रत विकलेलीच नव्हती, केवळ वापरण्याची परवानगी दिली होती. दोनच वर्षांनीं, २०१२ सालीं, युरोपीय संघाच्या न्यायालयानें युज्ड-सॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यांत ठरविलें कीं, पैसे घेऊन बेमुदत वापरण्याचा हक्क दिला म्हणजे ती विक्रीच होय. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यांत तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ ठरविला, आणि २०२१ सालीं प्राप्तिकराच्या एका मोठ्या वादांत तीच दृष्टि पुढें नेली. एकच बटण, पण तें दाबणारा कोणत्या किनाऱ्यावर उभा आहे त्यावरून त्यानें काय घेतलें हें ठरतें!

तेव्हां कायदा बाजूस ठेवून नीतीकडेच वळूं. कांटनें १७८५ च्या आपल्या ग्रंथांत खोट्या वचनाचें जें उदाहरण घेतलें आहे, त्यांतील मनुष्य पैशाच्या अडचणींत असतो, आणि परत करणें होणार नाहीं हें पक्कें ठाऊक असतांना परतफेडीचें वचन देतो. असें वचन सर्वांनीं देण्याचें ठरविलें तर वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाहीं, म्हणून तें निषिद्ध. हा युक्तिवाद आमच्या तंत्रज्ञास लागू पडत नाहीं. त्याच्या मनांत फसविण्याचा हेतु नाहीं. त्याच्या मनांत कांहींच नाहीं, ही खरी अडचण आहे. आपल्याकडील कथा या बाबतींत अधिक जवळच्या वाटतात. कथा-कीर्तनांतून सांगितला जाणारा हरिश्चंद्र स्वप्नांत दिलेलें दान जागेपणीं पुरें करतो. म्हणजे जागृत इच्छा नसतांना दिलेला शब्दहि त्यानें आपला मानला. दशरथानें कैकेयीस दोन वर दिले, पण त्यांत काय मागितलें जाईल तें त्या वेळीं ठरलेलें नव्हतें. रकान्यांतील मजकूर पुढें भरला गेला. ज्या करारांत ‘या अटी आम्ही पुढें केव्हांहि बदलूं’ असें कलम असतें, तो करार दशरथाच्या वराचाच सख्खा भाऊ होय. या दोघां राजांविषयीं आमच्या मनांत जो आदर आहे तो कमी करण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु दोघांचें वचन त्यांचें स्वतःचें होतें, समोर घेणारा उभा होता, आणि त्याची किंमत त्यांनीं स्वतः मोजली. विश्वामित्राला ‘वाय’ असें एक अक्षर पाठवून दुसऱ्याच कोणाचें राज्य देऊन टाकणारा हरिश्चंद्र कोणी कीर्तनांत उभा करणार नाहीं.

तर मग ही संमति पोकळ आहे, म्हणून तिचें कांहींच बंधन नाहीं असें म्हणावें काय? पुष्कळजण तसें मनांत म्हणतात, आणि त्याच तर्कानें चोरून फोडलेली प्रत बसवितात. येथें आमचा त्यांच्याशीं विरोध आहे, आणि तो समजाविण्यास महाराष्ट्राच्या इतिहासांतील एका प्रकरणाचा उपयोग होईल. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं कुणब्यांनीं सावकारांविरुद्ध उठाव केला, व तो पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरला. या दंग्यांचें वैशिष्ट्य असें कीं, लोकांचा राग मुख्यतः कागदांवर होता. सावकाराच्या घरांतील रोखे बाहेर काढून ते जाळावयाचे, कीं त्यांचें समाधान होई. ज्या रोख्यांवर आंगठा उठविला होता त्यांत काय लिहिलें आहे हें आंगठा उठविणाराला वाचतां येत नव्हतें. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ जो कायदा झाला, त्यानें दोन गोष्टी केल्या: शेतकऱ्याचा रोखा गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिला जावा असें ठरविलें, आणि न्यायाधीशास रोख्याच्या पाठीमागें जाऊन, देवघेवीच्या आरंभापासूनचा इतिहास तपासून, खरें येणें किती तें काढण्यास सांगितलें.

ही दुसरी गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. न वाचलेला रोखा हें शेवटचें प्रमाण नव्हे, असें त्या कायद्यानें मानलें. परंतु म्हणून कर्जच नव्हतें असें त्यानें मानलें नाहीं. कुणब्यानें रुपये खरोखर घेतले होते, आणि रोखा जळला तरी तेवढें ऋण उरत होतें. सॉफ्टवेअरच्या बाबतींतहि पडद्यावरील मजकुराच्या पाठीमागें गेलें पाहिजे. तेथें काय सांपडतें? तेथें अनेक माणसांचीं अनेक वर्षांची मेहनत सांपडते. बिल गेट्सनें १९७६ च्या फेब्रुवारींत हौशी संगणकवाल्यांना उद्देशून जें उघडें पत्र लिहिलें, त्यांत त्याची तक्रार हीच होती कीं, आपलें बेसिक वापरणारांपैकीं बहुतेकांनीं तें विकत घेतलेलें नाहीं. पुढें त्या गृहस्थाला पैशाची वाण राहिली नाहीं हें खरें. पण तेवढ्यानें तक्रार खोटी ठरत नाहीं. दहा जणांचे पैसे देऊन चाळीस जणांनीं वापरणें हें वाईट आहे, आणि तें बटण दाबल्यामुळें वाईट झालेलें नाहीं. बटण नसतें तरी तें तितकेंच वाईट असतें. गरिबीची सबब आम्ही हलकी मानीत नाहीं. एका परवान्याची किंमत ऐकून खेड्यांतील महाविद्यालयाचा प्राचार्य गप्प बसतो, तें योग्यच आहे. परंतु आतां ऑक्टेव्ह, सायलॅब यांसारखीं मुक्त साधनें उपलब्ध आहेत. आपल्या पवईच्या आय. आय. टी. मधून फॉसी नांवाच्या उपक्रमानें तीं कशीं वापरावीं हें शिकविण्याचें पुष्कळ काम केलें आहे. पर्याय असतांना चोरी करणें यास गरिबी म्हणतां येत नाहीं. ती बहुधा संवय असते.

म्हणून आमच्या मतें या संमतीचे दोन भाग पाडले पाहिजेत. जें खरोखर घेतलें त्याचें ऋण, म्हणजे किंमत, संख्या व मुदत, हा एक भाग. तो पाळणें तंत्रज्ञास, संस्थेस व विद्यार्थ्यास सारखेंच बंधनकारक आहे, मग ‘होय’ कोणींहि टंकलेलें असो. त्याभोंवतीं विणलेलें शब्दांचें जाळें हा दुसरा भाग. तो न्यायालयांत टिकेल, परंतु त्यास ‘दिलेला शब्द’ हें नांव देणें आम्हांस पटत नाहीं. कारण देणाऱ्यानें तो दिला नाहीं आणि घेणाऱ्यानेंहि तो दिला जाईल अशी कधीं अपेक्षा केली नाहीं. ‘होय’ हें उत्तर आधींच फाइलींत लिहून ठेवण्याची सोय त्याच कंपन्यांनीं स्वतः करून दिली आहे, हाच त्याचा पुरावा.

यावर कोणी म्हणेल कीं, हा केवळ उपचार आहे, त्याचा एवढा ऊहापोह कशाला? आपण पत्राच्या शेवटीं ‘लोभ असावा, कळावें’ असें लिहितों, तेव्हां लोभाची मागणी कोणी खरी मानतो काय? आक्षेप चांगला आहे. पण उत्तरहि त्यांतच आहे. ‘लोभ असावा’ हें लिहिणाराहि उपचार मानतो आणि वाचणाराहि. पत्र मिळालेला मनुष्य उद्यां तें घेऊन कचेरींत जात नाहीं. येथें मात्र एक पक्ष त्यास उपचार समजतो व दुसरा पक्ष रोखा समजून जपून ठेवतो. दोन्ही पक्षांना निरनिराळा अर्थ असलेला उपचार हा उपचार नव्हेच. आणि यांतील अधिक वाईट गोष्ट ही कीं, ‘मीं वाचलें आहे’ हें विधान खरें कीं खोटें एवढाच प्रश्न असतो. त्यास तिसरी बाजू नाहीं. शाळेंतील मुलगा संगणकावर पहिला प्रोग्रॅम बसवितो तेव्हां त्याचा गुरु त्यास सांगतो, ‘तें कांहीं वाचूं नकोस, खालीं खूण कर व पुढें जा.’ मुलास लिहावयास शिकविण्याच्या आधीं सही करावयास शिकवावें, तसें हें आहे.

मोहोर आणि घड्याळ यांविषयीं वर लिहिलें तें येथें पुन्हां आठवावें. ज्या दाराला कुलूप आहे त्या दारापुढें ‘मी आंत जाणार नाहीं’ अशी शपथ कोणी घ्यावयास लावीत नाहीं. कुलूप लावणें हा विकणाराचा हक्क आहे. चोर आहेत म्हणून कुलपें आहेत, हेंहि आम्हांस मान्य आहे. परंतु कुलूप आणि शपथ या दोन्हींचा एकाच वेळीं आग्रह धरणें म्हणजे मनुष्याच्या प्रामाणिकपणावर विश्वास नाहीं असें सांगून, वर तोच तारण म्हणून ठेवून घेणें होय. शिवाय कुलपाला माणूस ओळखतां येत नाहीं. परवान्याच्या संगणकाचें नेटवर्क कार्ड जळालें व नवें बसविलें, कीं बारा अंकाक्षरें बदलतात, आणि पैसे भरलेला मनुष्य यंत्राच्या लेखीं परका होतो. नवी फाईल येईपर्यंत त्याचें काम बंद. फोडलेली प्रत वापरणाराचें काम त्या दिवशींहि चालूंच असतें. आम्हीं ज्यांच्याशीं या विषयावर बोललों त्या तंत्रज्ञांना कंपन्यांच्या नफ्याचा राग फारसा नाहीं; त्यांना याच एका गोष्टीचा राग आहे.

आणि एक गोष्ट अशी आहे कीं, जींत खरोखर कांहीं गमावलें जातें. वर्षाच्या मुदतीचा परवाना संपला म्हणजे सॉफ्टवेअर बंद होतें, हें ठीकच आहे. पण त्या वर्षांत वापरणाऱ्यानें जें काम केलें, तें पुष्कळदां अशा स्वरूपाच्या फाइलींत असतें कीं, ती तेंच सॉफ्टवेअर उघडूं शकतें. पुलाचा आराखडा विद्यार्थ्याचा आहे, त्यांतील चुकाहि त्याच्याच आहेत. पण संस्थेनें परवाना पुढें चालविला नाहीं तर तो आराखडा त्याच्याजवळ असून नसल्यासारखा होतो. सॉफ्टवेअर कंपनीचें, आणि त्यानें केलेलें काम कामकऱ्याचें, ही रेषा नीतीच्या दृष्टीनें स्पष्ट आहे. फाइलीच्या स्वरूपानें ती पुसली जाते, आणि ती पुसूं देण्यास आपण केव्हां संमति दिली हें कोणालाच सांगतां येत नाहीं. संशोधनांत तर हें अधिक जाचतें. ज्या गणनेवर निष्कर्ष उभा आहे ती दहा वर्षांनीं पुन्हां करून पाहावयाची, तर तें यंत्र, ती ऑपरेटिंग सिस्टिम आणि तो परवाना, तिन्ही एका वेळीं हयात असावीं लागतात.

या ठिकाणीं एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मुक्त सॉफ्टवेअरचा जो जीपीएल नांवाचा परवाना रिचर्ड स्टॉलमननें १९८९ सालीं प्रथम प्रसिद्ध केला, त्याच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तींत असें स्पष्ट कलम आहे कीं, प्रोग्रॅमची प्रत मिळविण्यास किंवा ती चालविण्यास हा परवाना मान्य करण्याची गरज नाहीं; तो बदलून किंवा दुसऱ्यास वाटून द्यावयाचा असेल तरच अटी लागू होतात. ज्याला कांहीं देणें नाहीं त्याच्याकडून वचनहि घ्यावयाचें नाहीं, ही त्यामागील दृष्टि आम्हांस सरळ वाटते. असें असूनहि विंडोजवर बसविले जाणारे कित्येक मुक्त प्रोग्रॅम हाच जीपीएल पडद्यावर दाखवितात आणि त्याच्याखालीं ‘मला मान्य आहे’ हें बटण ठेवतात! म्हणजे ज्या कागदांत ‘मान्य करण्याची गरज नाहीं’ असें लिहिलें आहे तोच कागद मान्य केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. बटण करणारांनीं तो मजकूर वाचलेला नसावा.

आतां प्रश्न राहतो तो ‘होय’ ही ओळ लिहिणाऱ्या तंत्रज्ञाचा. त्यानें काम सोडून बसावें असें आम्ही म्हणत नाहीं; दोनशें विद्यार्थी सकाळीं येणार आहेत. परंतु त्याची ओळ हें संस्थेचें वचन आहे, त्याचें एकट्याचें नव्हे, ही गोष्ट संस्थेनें त्याच्या माथीं न मारतां स्वतःच्या माथीं घेतली पाहिजे. १८७९ च्या कायद्यांत रोखा रजिस्ट्रारासमोर लिहिण्याची जी तजवीज होती, तिच्या मुळाशीं हीच कल्पना होती, कीं आंगठा उठण्यापूर्वीं मजकूर कोणीतरी जबाबदार मनुष्यानें पाहिलेला असावा. एखाद्या विद्यापीठास, सॉफ्टवेअर खरेदी करतांना, करार अथपासून इतिपर्यंत वाचणारा एक मनुष्य नेमणें अशक्य नाहीं. तें एका दिवसाचें काम आहे. त्यानें मराठींत दोन पानांचा गोषवारा करावा: संख्या किती, मुदत किती, घरच्या संगणकावर बसवितां येईल काय, मॅकवर व लिनक्सवर तोच परवाना चालतो काय. हा गोषवारा प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावावा, म्हणजे विद्यार्थ्याला निदान आपण कशानें बांधलेले आहों हें कळेल. ज्या कलमास कोणत्याहि शहाण्या मनुष्यास शब्द देतां येणार नाहीं, उदाहरणार्थ अटी पुढें वाटेल तशा बदलण्याचें कलम, त्याविषयीं पैसे देण्यापूर्वीं विकणारास लेखी विचारावें. मोठ्या गिऱ्हाइकाचें अशा बाबतींत ऐकलें जातें. लहानाचें ऐकलें जात नाहीं, म्हणून लहान संस्थांनीं हें एकत्र येऊन करावें. आणि मुदत संपल्यावर विद्यार्थ्यांचें काम कोणत्या स्वरूपांत बाहेर काढतां येईल हा प्रश्न त्याच पत्रांत घालावा. तो सहसा मुदत संपण्याच्या आठवड्यांत विचारला जातो, जेव्हां उत्तर काय आलें यानें कांहीं फरक पडत नाहीं.